एकाच गाडीचं स्टेशन

“चौकट वाकडी आहे,” ती म्हणाली, आणि म्हणाल्या क्षणी तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

कारण म्हणाली कुणाला, तर सुताराला. नवरा बावीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात दारंखिडक्या करत होता. लोक घर बघायला जाताना पोराबाळांना घेऊन जातात, हा पिशवीत गुण्या आणि मोजपट्टी घेऊन गेला होता. आत्ताच त्याने स्वयंपाकघराच्या दाराला थाप मारून “काय सरळसोट काम आहे!” असं कौतुक केलं होतं, आणि त्यावर बायकोने हे बोलावं!

“वाकडी?” त्याने पिशवीतून गुण्या काढला. चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला लावला, खालच्या कोपऱ्याला लावला, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून खालून वर नजर टाकली. “एका सुताचा फरक नाही. कुठे वाकडी, दाखव.”

ती बघत राहिली. दाराचा उभा खांब खालून नीट वर येत होता, मध्यावर त्याला पोट सुटत होतं, आणि वर जाऊन तो पुन्हा शहाण्यासारखा सरळ होत होता. तिने उजवा डोळा मिटला. पोट तसंच. मग डावा मिटला, तर खांबाचा मधला भागच गेला. तिथे राखाडी डाग होता, काचेवर कुणी अंगठा फिरवावा तसा.

“मला आपलं वाटलं,” ती म्हणाली. “चष्मा पुसायला झालाय.”

ती भिंतीला टेकली. सुतार गॅलरी मोजायला निघून गेला होता, हे एक बरं झालं.

तिला शाळेत ढापणी म्हणत. आपणही तेच म्हणू, तिला त्याचं काही वाटत नाही. सातव्या वर्षी नाकावर सोडाबाटलीच्या बुडासारख्या काचा बसल्या आणि दरवर्षी त्या जाड होत गेल्या. पुढे दैवाला विनोद सुचला आणि तिला नोकरीही लागली ती चष्म्याच्या दुकानात. एकोणीस वर्षं ती तिथे होती. पुढच्या बाजूला फ्रेमा, मागच्या खोलीत डॉक्टरीणबाई, आणि मध्ये छोट्या टेबलावर ढापणी. मोहरीएवढे स्क्रू ती बोटांच्या टोकांनी बसवायची. लोक म्हणायचे, नजर बघा बाईंची! नजरेचा त्यात काही संबंध नव्हता. बोटांना सगळं ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंकडे येणाऱ्यांना तक्त्यासमोर बसवायचं कामही तिचंच. हातात काठी घेऊन एकेका अक्षरावर टेकवायची. एकोणीस वर्षं तोच तक्ता, त्याच ओळी. आणि तिथेच घोटाळा झाला. दुकानातल्या माणसांचे डोळे डॉक्टरीणबाई वर्षातून एकदा फुकट तपासायच्या, पण घाईघाईत. “बस गं, शेवटची ओळ वाच.” ढापणी बसायची, आणि डोळ्यांनी काही बघायच्या आधी तोंड मोकळं व्हायचं: ट, र, ग, न, म, द. यात लबाडी नव्हती. ती अक्षरं तिला आईच्या नावासारखी पाठ होती. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “घारीसारखे डोळे आहेत तुझे. नंबर काय तो असायचाच.” डोळ्यांत थेंब घालून आतून बघू म्हटलं, की ही म्हणणार, “नको बाई, दिवसभर धुरकट दिसतं, मग काम कोण करणार?”

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात डाग आला. तिने आधी काच पुसली. आठवडाभर काच पुसत होती. मग कळलं की डाग काचेला नाहीच. तेव्हा ती घाबरली, पण डावा डोळा ठणठणीत होता, आणि एका डोळ्यावर जग चालवणारी माणसं तिने दुकानात पुष्कळ पाहिली होती. त्यानंतरच्या तपासणीत डावा डोळा झाकून तक्ता पुन्हा धडाधडा म्हणून टाकला. या वेळी मात्र ती लबाडी होती, आणि तिला ते कळत होतं.

आता डावा. दुकानात एक कार्ड असतं, बारीक चौकटींचं, मध्ये ठिपका. ते म्हाताऱ्या माणसांच्या हातात देऊन ढापणी रोज सांगायची, “एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा. रेषा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही हं आजोबा, त्याच दिवशी.” अकरा आठवड्यांपूर्वी तेच कार्ड पुसता पुसता तिला रेषा वाकलेल्या दिसल्या. तिने कार्ड खणात ठेवलं, खण लावला, आणि त्या दिवशी ती घरी गेली. दुसऱ्या दिवशीही गेली.

तुम्ही म्हणाल, काय मूर्ख बाई आहे! आहेच. पण भीती माणसाला शहाणं करते असं ज्याने कुणी ठरवलं असेल, तो कधी नीट घाबरलेलाच नसणार.

ढापणीला एक मावशी होती, अशाच जाड काचांची. चाळिशीत तिची नजर गेली. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, घरची माणसं चांगलीच होती. फक्त तिच्याशी सगळे मोठ्याने बोलायला लागले, जणू कानही गेले होते. ती समोर बसलेली असताना दुसऱ्यालाच विचारायचे, “हिला चहा हवाय का?” आधी तिच्याकडच्या किल्ल्या गेल्या, मग कात्री, मग स्टोव्ह. शेवटी कोपऱ्यात एक खुर्ची आली. मावशी त्या खुर्चीत सतरा वर्षं बसली. ढापणीला मावशीची फार आठवण यायची नाही, पण ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नसे.

शिवाय नव्या घराचं कर्ज दोघांच्या पगारावर मिळायचं होतं. नजर नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर कर्ज नाही, आणि मग घर जवळही नाही आणि लांबही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती तिने अशी आवळली होती की नखं तळहातात रुतत होती.

आता घरांचं सांगतो. घरं दोन होती आणि किंमत जवळजवळ एक.

पहिलं हे लांबचं, सरळ चौकटीचं. तीन खोल्या, गॅलरी, दोन बाजूंनी वारा. सासूबाई सहा वर्षं भाड्याच्या घरात स्वयंपाकघरात झोपत होत्या आणि कुणी चहाला उठायच्या आत अंथरूण गुंडाळून बसत होत्या. त्यांना इथे स्वतःची खोली मिळणार होती, लेकीला अभ्यासाला खिडकी. पण गावाबाहेर. बसने अकरा थांबे, आणि उतरल्यावर मोठा रस्ता ओलांडून पंधरा मिनिटं चाल.

दुसरं स्टेशनजवळचं. दोन खोल्या, त्यातल्या एकीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, तीही हात लावता येईल इतकी जवळ. दर सहा मिनिटांनी डोक्यावरच्या रुळांवरून गाडी जाते आणि कपातला चमचा वाजतो. सुताराने ते घर मोजायला मोजपट्टी पूर्ण उघडलीसुद्धा नव्हती. “उगाच स्प्रिंग कशाला झिजवायची?” म्हणाला.

पण ते स्टेशन लाइनीच्या टोकाचं होतं. तिथून सुटणारी प्रत्येक गाडी एकाच दिशेला जाते. चुकीची गाडी पकडायची म्हटलं तरी पकडता येत नाही. नंबर वाचावा लागत नाही. गाडीत बाई बोलते, पुढचं स्टेशन अमुक. सातव्यावर उतरलं की जिन्याच्या पायथ्याशी दुकान. आणि इमारतीच्या फाटकापासून स्टेशनच्या पायरीपर्यंत कठडा आहे, सलग. ढापणीने त्या कठड्यावर हात ठेवून, डोळे गच्च मिटून ते अंतर तीनदा चालून पाहिलं होतं. एकशे चाळीस पावलं. आयुष्यात तिला कुठलं घर इतकं आवडलं नव्हतं.

हे सांगायचं कसं?

“लांब पडतं हो,” ती जेवताना म्हणाली.

“तू आणि चालायला घाबरतेस? लग्नानंतर मलाच धाप लागायची तुझ्याबरोबर.” सुताराने प्लायवूडच्या तुकड्यावर कानामागच्या पेन्सिलीने दोन रकाने आखले होते. लांबच्या घराच्या रकान्यात खोल्या, वारा, उजेड, आईची खोली अशी लांबलचक यादी होती. जवळच्या घराच्या रकान्यात ‘स्टेशन’ एवढंच. “सांग ना, अजून काय लिहू? तू सांगशील ते लिहितो.”

“गाडी पटकन मिळते.”

“ते स्टेशनमध्ये आलं.”

“कठडा आहे.”

“कसला कठडा?”

“काही नाही,” ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, “माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नका रे. मी काय, ओट्याखालीसुद्धा झोपेन.” आणि जरा थांबून, “पण त्या खोलीत पलंग खिडकीखाली लावायचा. भिंतीकडे नको.”

सुतार हसला. ढापणीही हसली. शनिवारी पाच वाजता बिल्डरच्या कचेरीत जाऊन सही करायची, असं ठरलं. एकदा सही झाली की भरलेली रक्कम परत मिळत नाही, हे सुताराने दोनदा सांगितलं, कारण त्यालाही धास्ती वाटत होती. फक्त त्याची धास्ती पैशांची होती आणि बायकोशी बोलता येण्यासारखी होती.

शनिवारी दुकान दोनला बंद होऊन सहाला उघडायचं. ढापणीने ठरवलं, आपण एकटीने लांबच्या घरी जाऊन बघायचं. जमलं तर गप्प बसायचं, सही होऊ द्यायची. नाही जमलं तर... पुढचं तिने ठरवलंच नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून तिने स्वतःला दटावलं आणि साडेतीनला थांब्यावर जाऊन उभी राहिली.

त्या थांब्यावर तीन बसगाड्या येतात. तेहतीस, अडतीस आणि अठ्ठ्याऐंशी. तिन्ही निळ्या, आणि नंबर इंग्रजी आकड्यांतले. हे नंबर ज्याने ठरवले त्याला ढापणीच्या डोळ्यांत एक दिवस बसवायला हवं. रोजच्या रस्त्यावर तिची युक्ती ठरलेली होती, “चष्मा दुरुस्तीला टाकलाय हो, कितवी आली?” आणि चष्मा नाकावरच असायचा, पण कुणी विचारत नसे. आज थांब्यावर एकच माणूस होता. बस आली. तिने सरळ पुढे बघितलं तर नंबराच्या जागी राखाडी डाग; या आठवड्यात तो डाव्या डोळ्यातही उतरला होता. मान तिरकी करून कडेने बघितलं तर तीनासारखं काहीतरी, की आठासारखं.

“अडतीसच ना, दादा?”

माणसाने मान हलवली आणि तो चढला. तीही चढली. त्याच्या कानात गाणं चालू होतं आणि मान तालावर हलत होती, हे ती त्याच्या मागच्या बाकावर बसली आणि त्या कानातून बारीक झांजा ऐकू यायला लागल्या, तेव्हा कळलं.

तोवर बस सुटली होती. कुणालातरी विचारावं तर बस जवळजवळ रिकामी, कंडक्टर नाहीच, आणि चालत्या बसमध्ये ड्रायव्हरपर्यंत जायचा धीर होईना. असेल अडतीसच, असेल. ती थांबे मोजत बसली. दुसऱ्या थांब्यानंतर वळण उजवीकडे हवं होतं, ते डावीकडे आलं. तरी ती मोजत राहिली, सहा, सात, आठ, जणू मोजणं बरोबर असलं की रस्ताही बरोबर होईल. अकराव्याला उतरली. दार बंद झालं, बस निघून गेली.

इमारती नव्हत्या. रुंद रस्ता, त्यावरून ट्रक, आणि कडेला लांबच लांब पत्र्याच्या भिंती. माणूस कुणी नाही. एका खांबावर भलीमोठी पाटी होती. पाटी आहे एवढं दिसत होतं. ती खांबाला अगदी नाक लावून उभी राहिली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. अक्षरांचे तुकडे यायचे आणि बघायला जावं तर पळून जायचे. एक काना, एक वेलांटी.  समोरच्या बाजूला परतीचा थांबा असणार म्हणून तिने रस्त्यात पाऊल टाकलं, आणि इतका मोठा भोंगा इतक्या जवळून वाजला की ती मागे कोलमडून खाली बसली. ट्रकचा वारा तोंडावरून गेला. तळहात खरचटले होते. चष्मा शाबूत होता. नाकावर तो होता, म्हणजे सगळं तसंच होतं, आणि तरी तिला ट्रक दिसला नव्हता.

तिथे मातीत बसून ती मोठ्याने रडली. लाजायला कुणी नव्हतंच.

मग फोन काढला. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की सुतार, हे लेकीने लावून दिलं होतं.

“अगं, कुठे आहेस? मी कचेरीत बसलोय. साहेब कागद मांडतायत. तू आलीस की...”

“मी चुकले.”

“काय चुकलीस?”

“बस चुकली. कुठे आहे मला कळत नाहीये.”

“बरं, घाबरू नकोस. पाटी असेल ना एखादी? काय लिहिलंय?”

तिने पुन्हा पाटीकडे मान तिरकी केली.

“अगं, पाटी वाच.”

“मला दिसत नाहीये.”

“अंधार आहे का तिकडे?”

खिडकीतून बाहेर बघून त्याने हे विचारलं असणार, कारण विचारता विचारताच त्याचा आवाज बारीक झाला. तिच्या डोक्यावर रखरखीत ऊन होतं. मान भाजत होती.

“नाही हो,” ती म्हणाली. “लख्ख ऊन आहे.”

 पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“काय ऐकू येतंय तुला?” सुताराने विचारलं. असा आवाज तिने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. कारखान्यात एकाचं बोट गेलं होतं, तेव्हाही नाही.

“करवत. मागे, पत्र्याच्या आत. आणि लाकडाचा वास येतोय. ओल्या.”

“करवत थांबून थांबून चालते, की सलग?”

“सलग. थांबतच नाही.”

“म्हणजे पट्ट्याची. जुन्या वखारी. तिथूनच माल येतो आमचा. तू हलू नकोस. ऐकलंस? एक पाऊल टाकायचं नाही.”

ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. दहा मिनिटं गेली की पाऊण तास, तिला सांगता आलं नसतं. करवत चालूच होती. तिला खुर्ची दिसत होती, मावशीची. ती खुर्ची मात्र स्पष्ट दिसत होती, मधोमध, डागाच्या जागी.

मग डाव्या कडेला काहीतरी हललं. माणूस असावा. ती त्याच्याकडे वळली तसा तो डागात गेला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. उभा होता, काही बोलत नव्हता. वखारीतला कारकून असेल. रिकाम्या रस्त्यावर परका पुरुष असा गप्प उभा. पण धीर करून ती म्हणाली, “दादा, जुनी वखार हीच ना? माझे मिस्टर यायचेत इथे.”

तो माणूस हलला नाही. करवतीच्या आवाजात तिला त्याचा श्वासही ऐकू आला नाही.

“हो,” सुतार म्हणाला. “हीच.”

तिने तोंडावर हात घेतला. तीन हातांवर उभा होता तो; करवतीच्या आवाजात त्याची स्कूटरही तिला ऐकू आली नव्हती. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं होतं त्याने, आणि ती त्याच्याकडे खांबाकडे बघावं तशी बघतेय हे बघून हाक बाहेरच आली नव्हती. त्याने तिचे खरचटलेले हात हातात घेतले.

“कधीपासून?”

तिने सांगितलं. उजवा, डावा, तक्ता, कार्ड. अकरा आठवडे. कठडा आणि एकशे चाळीस पावलं. तो तिच्या तळहातांवरची माती पुसत ऐकत राहिला. राग येईल असं तिला वाटलं होतं. राग परवडला असता.

“मला खुर्चीत बसवू नका,” शेवटी ती म्हणाली.

“कसल्या खुर्चीत?” त्याला बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याच्या खिशाला बिल्डरचं पेन तसंच अडकलेलं होतं, सही न करता तो तसाच उठून आला होता. “डॉक्टरीणबाई कितीला येतात?”

“सहाला.”

“चल.”

स्कूटरवर मागे बसून तिने त्याचा इस्त्रीचा शर्ट मुठीत धरला. पुलावर चढताना तो मान न वळवता म्हणाला, “आईला मी सांगेन.”

“काय सांगाल?”

“की पलंग भिंतीकडेच लावावा लागणार.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “भिंत आहे तर भिंत. तू ते अंतर मला एकदा चालून दाखव. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून.”

सहाला पाच कमी असताना डॉक्टरीणबाई कुलूप उघडत होत्या. दोघांना दारात बघून त्यांना नवल वाटलं. “काय गं, जोडीने? बस, बस.” त्यांनी दिवा लावला, तक्ता उजळला, आणि सवयीने त्या म्हणाल्या, “हं, शेवटची ओळ वाच.”

ढापणी खुर्चीत बसली. रोज लोकांना बसवायची त्याच खुर्चीत. समोर पांढरा उजेड होता आणि त्याच्या मधोमध राखाडी डाग. सुतार मागे भिंतीला टेकून उभा होता. ट, र, ग, न, म, द, अक्षरं जिभेच्या टोकावर येऊन रांगेत उभी राहिली होती, नेहमीसारखी, शहाण्यासारखी. तिला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, ट्रकच्या वेळीही नाही.

“वाचता येत नाही,” ती म्हणाली. “मला तक्ता पाठ आहे.”